डिसेंबरची सावली मोजल्याशिवाय सही करू नका

मंडळी, पत्रिकेत विषय छापला आहे 'घरावरची सौर पॅनेल परवडतात का?' परवडतात. पण कुणाला आणि किती वर्षांत, याकडे वळण्याआधी मला सावलीबद्दल बोलायचं आहे. अनुदानाबद्दल सगळे बोलतात. २०२४च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना आली आणि गल्लोगल्ली 'वीजबिल शून्य'चे फलक लागले. सावलीचा फलक मला अजून दिसलेला नाही.

आत्ता मे चालू आहे. याच दिवसांत आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. साताऱ्यात १० मेच्या आसपास, पुण्यात त्यानंतर तीन-चार दिवसांनी, नागपुरात महिना संपत आल्यावर. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर. मग तो आणखी उत्तरेला सरकतो आणि भर दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडू लागते. हे ध्यानात ठेवा, लगेच लागणार आहे.

माझी धाकटी बहीण साताऱ्यात राहते. बंगला छोटा, गच्चीच्या दक्षिण बाजूला जिन्याची खोली. सोलरवाला पाहणीला आला तो मेअखेरीस, दुपारी. गच्चीवर लखलखीत ऊन. जिन्याच्या खोलीची इवलीशी सावली पलीकडे, दक्षिणेला. तो म्हणाला, "ताई, सावलीचा प्रश्नच नाही." वायर कमी लागावी म्हणून सहाही पॅनेल त्याने त्या खोलीच्या अगदी जवळ, उत्तरेला बसवली. जूनमध्ये मीटर लागलं, पाऊस आला, आकडे कमीच होते, कुणाला शंका आली नाही. दिवाळीनंतर आकडे चढायला हवे होते. ते उतरले.

फोन केला तर उत्तर मिळालं, "थंडीत ऊन कमीच असतं, ताई." मला राग आला तो या वाक्याचा. दिवस लहान असतो, मान्य. पण आकाश स्वच्छ असतं, दक्षिणेकडे कललेल्या पॅनेलवर खालचं ऊन नीट समोरून येतं आणि पॅनेल थंड राहतं. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण एक तृतीयांश टक्क्याने घटतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्ट ढगांत जातात, म्हणून हिवाळा हा कमाईचा काळ. तोच या बाईचा बुडत होता.

मी तिला हिशेब करून दाखवला. २१ डिसेंबरला साताऱ्यात दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४९ अंश वर असतो. पॅनेलपेक्षा ८ फूट उंच भिंतीची सावली तेव्हा सुमारे ७ फूट पडते. सकाळी साडेनऊला तीच १४ फूट होते, वायव्येच्या दिशेने. आणि सहातल्या दोनच पॅनेलवर सावली आली म्हणजे दोनांचंच नुकसान, असं नेहमी होत नाही. ती मालिकेत जोडलेली असतात, एकाच सरीत चालणाऱ्या बैलांसारखी. एक अडलं की बाकीच्यांची चाल मंदावते. आत बायपास डायोड असतात, ते झाकलेल्या भागाला वळसा देतात, पण तोटा पूर्ण भरून निघत नाही. शेवटी सगळा सांगाडा उचलून गच्चीच्या उत्तर कडेला नेला. खर्च बहिणीने भरला. सोलरवाल्याने एक रुपया दिला नाही, आणि करारात सावलीचा शब्द नसल्यामुळे मागायला आधारही नव्हता. असं आणखी कुणाचं होऊ नये, म्हणून मी जिथे बोलावतील तिथे जातो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा परवडण्याचं आता भरभर सांगतो.

गच्ची नंतर मोजा, आधी वर्षभराची बिलं काढा. १ किलोवॉटला सावली नसलेली साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिट मिळतात. ३ किलोवॉटचा खर्च साधारण पावणेदोन ते दोन लाख. अनुदान पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे ७८ हजार. त्यापुढे कितीही मोठी यंत्रणा बसवा, तेवढंच.

महावितरणच्या घरगुती दरात शंभराच्या पुढचा युनिट पहिल्या शंभरातल्या युनिटच्या जवळपास दुप्पट पडतो. सौर वीज आधी हाच महाग युनिट वाचवते. महिना ३०० युनिट वापरणाऱ्या घराचे पैसे चार वर्षांच्या आसपास सुटतात. ९० युनिटवाल्याने मात्र मोहात पडून ३ किलोवॉट बसवले, तर पैसे सुटायला बरीच जास्त वर्षं लागतील, कारण घरात न लागलेले युनिट महावितरणकडे जमा होतात आणि वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांना फार कमी दर मिळतो. त्याने १ किलोवॉटच बसवावा.

स्थिर आकार भरावाच लागतो, म्हणजे बिल अगदी शून्य होत नाही. वीज गेली की बॅटरी नसलेली यंत्रणाही बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ती तशीच केलेली असते. पॅनेलच्या उत्पादनाची हमी २५ वर्षांची, पण पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर बहुधा मध्येच एकदा बदलावा लागतो. तो खर्च आत्ताच धरा.

आणि सही करण्याआधी सोलरवाल्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या: २१ डिसेंबरला सकाळी साडेनऊ, दुपारी साडेबारा आणि साडेतीनला सावली कुठवर येईल याचा गच्चीचा नकाशा, आणि प्रत्येक महिन्याचे अपेक्षित युनिट. तो टाळाटाळ करायला लागला, तर दुसरा गाठा.