डागी मिरचीबी झोंबस

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते कामाच्या ठिकाणी बायांच्या होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल. कायद्याचं सांगेनच, पण आधी जरा मिरचीकडे जाऊ. कारण हा विषय मला कळला तो मिरचीपायी.

नंदुरबार-दोंडाईचा पट्ट्यातून जे ऐकताहेत, त्यांना पथारी म्हणजे काय हे सांगायला नको. मोकळ्या रानात लालभडक मिरची वाळत घातलेली, कडेला नाकातोंडाला फडकं बांधून देठ खुडत बसलेल्या बाया. घरी पाव किलो मिरची खुडली तरी रात्री डोळ्याला हात लावायची सोय राहत नाही. या बाया दिवसभर खुडतात. बाकी तिखट घरी खुडून गिरणीतूनच दळून आणावं, या मताची मी आहे. पाकिटातल्या तिखटाला रंग असतो, ठसका नसतो. असो.

तर अशाच एका पथारीवरची एक बाई. नाव, गाव, साल काहीच सांगणार नाही. तक्रार करणारीची ओळख उघड करायची नाही, असं कायदाच सांगतो. मी तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक समितीवर, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर होते. बाई पन्नाशी ओलांडलेली, उन्हाने रापलेली, वरचे दोन दात पडलेले. आपण तिला मावशी म्हणू. तक्रार अशी, की तोलाईवरचा माणूस खुडलेला माल मोजताना रोज अंगचटीला येतो, आणि एकदा गोदामात त्याने हात धरून ओढलं. मावशीने मुकादमाला सांगितलं. मुकादम हसला. "तुले कोन छेडी वं माय? आरसामा तोंड दख आधी." शेजारच्या बायाही हसल्या. मावशीला मुकादमापेक्षा ते जास्त लागलं होतं.

सुनावणीला ती आली. सोबत साक्षीला एक पोरगी, शेजारच्या ढिगावर बसणारी. वीस-बावीस वर्षांची, नाकीडोळी नीटस. दोघी दारात उभ्या. कारकुनाने हातातला कागद पाहिला, वर पाहिलं आणि खुर्ची सरकवली ती पोरीपुढे. पाण्याचा ग्लासही पोरीपुढेच ठेवला. पोरगी गडबडली. म्हणाली, "मी नाही साहेब, ह्या. ह्या मावशी." कारकुनाने पुन्हा कागद पाहिला, नाव वाचलं, मावशीकडे पाहिलं. तो हसला नाही, पण मुकादम कसा हसला असेल ते मला त्याच्या तोंडावर दिसलं.

कारकुनाला नावं ठेवायला मी मोकळी नाही. त्या दोघी दारात आल्या तेव्हा माझी नजरही आधी पोरीकडेच गेली होती. मनात येऊनही गेलं, बिचारी, एवढ्याशा वयात!

मग तोलाईवाला आला. त्याचा बचाव एकच. "मॅडम, तुम्हीच बघा हिच्याकडे. मला काय दुसरी कोणी मिळाली नसती?" आमच्यातल्या एकाने हसू यायला नको म्हणून खोकला काढला. मावशी तोवर जमिनीकडे बघत होती. तिने मान वर केली आणि मला म्हणाली, "डागी मिरचीबी डोळामा गयी म्हंजे झोंबसच ना, ताई?"

डागी मिरची, म्हणजे पांढरी पडलेली, भाव न मिळणारी. पुन्हा सांगते, डागी मिरचीबी डोळामा गयी म्हंजे झोंबसच ना. खोलीत पुढे कितीतरी वेळ नुसता पंख्याचा आवाज होता.

तक्रार शाबीत झाली. गोदामातला प्रकार पोरीने पाहिला होता, तो तिने सांगितला. पण मावशीने अर्धा तास जे सांगितलं, तेच पोरीने पाच मिनिटांत सांगितलं आणि माना डोलल्या त्या तेव्हा. हे मला अजून खुपतं.

हे आपल्याकडचंच खूळ आहे असं समजू नका. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठ आणि प्रिन्स्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२१ साली ११ प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४,००० हून जास्त लोक त्यात होते. छळाची हकिकत तीच, बाई मात्र वेगवेगळी. बाई तरुण, रूढ अर्थाने देखणी, बायकी वळणाची असली की लोकांचा विश्वास बसे. तशी नसली की तिचं म्हणणं कमी खरं वाटे, आणि तिला त्रासही कमीच झाला असेल असं वाटे. हकिकत तीच, बरं का.

आणि देखण्या बाईचं तरी कुठे बरं आहे? तिच्यावर विश्वास बसतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "राहते कशी पण ती?" साहेब दिसायला बरा असला तर "गंमत करत असेल." टीव्हीवरच्या मालिकांनी यात भर घातली आहे, त्यात छळ फक्त गोऱ्यापान सुनेचाच होतो.

आता कायदा. राजस्थानातल्या भंवरीदेवी, सरकारी कामातल्या साथिन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ साली त्यांच्यावर अत्याचार झाला. त्यातून १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला आणि २०१३ मध्ये कायदा झाला. जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला, तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. धुणीभांडी करणारीलाही जाता येतं, मिरची खुडणारीलाही. मुदत तीन महिने. ऐकताय ना, तीन महिने. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे, उपकार नाही. आणि कायद्यात पीडित महिला म्हणजे कोण, तर 'कोणत्याही वयाची'. हे शब्द कायद्यातच आहेत.

पुढच्या हंगामात मावशी घरी आली, पिशवीत किलोभर मिरची घेऊन. समितीवर असताना अशी वस्तू घेता येत नाही म्हटलं, तर रागावली. शेवटी बाजारभावाने पैसे घेतले, तेही मोजून. ती गेल्यावर मी खुडायला म्हणून मिरची सुपात ओतली. एकीलाही देठ नव्हता.

नमस्कार.