काबूलच्या आजाचं पान

मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘मुंबईचं अफगाण चर्च’ असा छापलाय. इमारतीवर बोलणार आहेच, पण मी मुद्दाम आलोय ते तिथल्या एका ओळीसाठी.

कुलाब्याच्या टोकाकडे जाणाऱ्या बसमधून ‘अफगाण चर्च’ला तुमच्यापैकी अनेक जण उतरले असतील. आत भिंतींवर ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत गेलेल्या अधिकाऱ्यांची नावं आहेत. त्याखाली इंग्रजीत लेख आहे, तो मराठीत सांगतो. ज्यांची नावं वर लिहिली आहेत ते अधिकारी, आणि ‘अशी नोंद करता येणार नाही इतके पुष्कळ’ हवालदार, नाईक, साधे शिपाई, जे 1838 ते 1843 या काळात कर्तव्याला जागून आजारानं किंवा तलवारीनं गेले, त्या सर्वांच्या स्मरणार्थ हे चर्च बांधलं. आजार आधी, तलवार नंतर. हा क्रम लिहिणाऱ्यानं प्रामाणिकपणे लावलाय.

नोंद करता येणार नाही इतके पुष्कळ! हे वाचलं आणि मी तिथल्या बाकावर बसूनच राहिलो. मला आमच्या घरचं एक पान आठवलं.

आमचं गाव दापोली तालुक्यात. दापोलीला जुनी माणसं अजून ‘कँप’ म्हणतात, कारण कंपनीच्या म्हाताऱ्या शिपायांची ती छावणी. मुंबईच्या पलटणींत कोकणातली माणसं किती होती, हे इथल्या रत्नागिरीकरांना मी काय सांगायचं? सर्वपित्री अमावास्येला माझी आजी सगळ्यांची पानं वाढून झाली की एक वेगळं पान वाढायची. वडे, भात, खीर, सगळं. मी सात-आठ वर्षांचा असेन. विचारलं, ‘‘आजी, हे कुणाचं?’’

‘‘काबूलच्या आजाचं.’’

‘‘त्याचं नाव काय?’’

‘‘नाव कुणाला ठाव, बाबा? पलटणीत गेला तो आलाच नाही. तिथी ठाव नाही म्हणून आज वाढायचं.’’

तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. नाव वाटेत कुठंतरी गळालं, पान मात्र राहिलं. कावळा त्या पानाला लवकर शिवला की आजीचा चेहरा असा खुलायचा, जणू परमुलखातून पत्र आलंय. वडिलांनी पुढे एका कार्यालयात अर्ज केला, तीन खेपा घातल्या. ‘नाव नसेल तर शोधायचं काय?’ असं उत्तर मिळालं. त्या दिवशी वडील घरी येऊन जेवले नाहीत. मला ते अजून लागतं.

तो काबूललाच गेला असेल असंही नाही. सिंधच्या पलीकडचं सगळंच आमच्याकडे काबूल. मुंबईची फौज 1838 च्या अखेरीस जहाजांतून सिंधच्या किनाऱ्यावर उतरली, बोलन खिंडीतून वर गेली. 23 जुलै 1839 ला गझनी घेतली, त्यात मुंबईची 19 वी पलटण होती. आणि काहान! बलुचिस्तानातल्या त्या गढीत 1840 साली 5 व्या पलटणीचे सुमारे 300 शिपाई मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत मरी टोळ्यांच्या वेढ्यात होते. त्यांच्या सुटकेला निघालेली फौज 31 ऑगस्टला नाफुस्क खिंडीत अडली. पाणी संपलं, माणसं तहानेनं गेली. वेढ्यातली पलटण मात्र टिकली. तीच आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची ‘काळी पाचवी’. टाळ्या वाजवा, त्यांच्यासाठीच वाजवा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा इमारत भराभर सांगतो. पायाभरणी डिसेंबर 1847, उद्घाटन जानेवारी 1858. आराखडा हेन्री कॉनिबेअर यांचा, मुंबईला विहार तलावाचं पाणी देणारेही तेच. दगड कुर्ल्याचा. सरकारनं जागा देताना अट घातली, की मनोरा बंदरात येणाऱ्या गलबतांना दिसला पाहिजे. तो पुरा व्हायला 1865 उजाडलं, पैसे कावसजी जहांगीर यांनीही दिले. रंगीत काचा फार सुंदर, सकाळी जा.

आता मुख्य मुद्दा. ‘पुष्कळ’ म्हणून नावं लिहिता येत नाहीत, हे मला मान्य नाही. कोरेगाव भीमाचा स्तंभ आठवा. लढाई 1 जानेवारी 1818 ची, स्तंभाचं काम 1821 मध्ये सुरू झालं. त्याच कंपनीनं, मुंबईच्याच फौजेसाठी तो उभारला. मजकूर मराठीतही आहे आणि पडलेल्या शिपायांची नावं आहेत. त्यात ‘नाक’ शेवटी असलेली 22 नावं आहेत, म्हणजे महार शिपाई. तिथं कोरता आली. तिथं आकडा लहान होता असं म्हणाल, तर दिल्लीच्या इंडिया गेटवर 13,000 हून जास्त नावं आहेत. तेव्हा प्रश्न दगडाच्या जागेचा नव्हता.

कुणी म्हणेल, ते युद्धच अन्यायाचं, कशाला स्मारक? अन्यायाचं होतंच. अफगाणांवर लादलेलं होतं. पण ते सिमल्यात ठरलं, दापोलीत नाही.

अध्यक्ष, उठतोच. दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. तुमच्या घरात, गावात ‘सिंधला गेला’, ‘काबूलला गेला, परत आला नाही’ अशी कुणाची आठवण असेल तर लिहा. नाव नसलं तर गाव लिहा. गावही नसेल तर घरात कुणाचं पान वाढतात, तेवढं लिहा. पहिल्या पानावर मी आमचं लिहिलं आहे.