तिकीट कोरं पडण्याआधी

(ग्रामीण वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आज येताना काढलेलं एसटीचं तिकीट तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या खिशात असेल. ते जरा बाहेर काढून बघा. त्यावरची अक्षरं शाईची नाहीत. त्या कागदावर रसायनाचा लेप असतो आणि मशीनमधल्या उष्णतेनं तो जिथं तापतो तिथं काळा होतो. म्हणून हे तिकीट उन्हात राहिलं तर अख्खा कागद काळवंडतो. पाकिटाच्या प्लास्टिकच्या कप्प्यात ठेवलं तर प्लास्टिकमधली द्रव्यं लेपात उतरतात आणि काही महिन्यांत कागद कोरा पडतो. जपून ठेवायचं म्हणून कुणी लॅमिनेशन करायला जातो, तर त्या उष्णतेनं ते जागीच काळं होतं. टिकवायचा उपाय एकच आहे. ज्या दिवशी काढलं त्याच दिवशी त्यावरचा मजकूर बॉलपेननं प्रवासाच्या वहीत उतरवायचा: तारीख, कुठून कुठं, गाडी कोणत्या आगाराची, भाडं किती.

भाडं लिहिताना एक चूक हमखास होते. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. बाईनं वहीत नुसतं ‘भाडं ६० रुपये’ लिहिलं आणि पुढे ते वाचून एखादा पुरुष मोजके पैसे घेऊन निघाला, तर तो अर्ध्यात अडकेल. ‘अर्धं तिकीट, एका माणसाचं’ असं लिहिलं की घोळ होत नाही.

एवढं बारीक कशासाठी, असं कुणी विचारेल. आपल्या भागातला माणूस घरी बसून नसतो. पेशंट घेऊन सेवाग्रामला किंवा नागपूरच्या मेडिकलला जातो, चैत्रात चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेला जातो, महाशिवरात्रीला मार्कंड्याला जातो. गडचिरोली-चंद्रपूरकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. एवढा प्रवास होतो आणि लिहिला मात्र जात नाही. विदर्भातल्या प्रवासावर जे लिहिलेलं सापडतं, त्यातलं बरंचसं वाघ बघायला आलेल्या पाहुण्यांनी लिहिलेलं असतं. जिप्सीचं बुकिंग कसं करायचं ते त्यात मिळतं. सासऱ्याला घेऊन पहिल्यांदाच दवाखान्यात निघालेल्या सुनेला हवं असतं ते वेगळं: पहिली गाडी फाट्यावर खरोखर किती वाजता येते, पेशंटसोबतच्या माणसानं रात्री कुठं पाठ टेकायची, स्टँडवर बायकांसाठी संडास उघडा असतो का, परतीची मुक्कामी गाडी चुकली तर काय करायचं. ही माहिती गावातल्या दहा जणांकडे तुकड्या-तुकड्यांनी असते, कागदावर कुणाकडेच नसते. गावातल्या पुढच्या माणसाची एक खेप वाचावी, प्रवासाची वही ठेवायचं माझ्या मते हे पहिलं कारण.

दुसरं कारण असं, की जे आज समोर दिसतं ते तसंच राहत नाही. शकुंतला रेल्वे घ्या. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर हा अडीच फुटी रुळांचा मार्ग आणि १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चाललेली गाडी. तिच्यातून पिढ्यानपिढ्या माणसं फिरली. पण इंजिन वाटेत पाणी कुठं घ्यायचं, कोणत्या स्टेशनवर किती वेळ थांबायचं, चहासोबत काय मिळायचं, पावसाळ्यात डब्यात पाणी कुठून यायचं, हे प्रवाशाच्या नजरेतून सांगणाऱ्या वह्या किती घरांत सापडतील? रेल्वे कंपनीच्या कागदात रुळांची लांबी मिळते, डब्यातला दिवस मिळत नाही. गोसेखुर्द धरणात वैनगंगेकाठची गावं गेली. त्यांचे पाणंद रस्ते आणि नदीवरचे उतार आता बोटीनंही दाखवता येत नाहीत.

लोणारचं उदाहरण तर अगदी अलीकडचं. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे रंगीत सूक्ष्मजीव फोफावले, असं तपासणीतून पुढे आलं. तेव्हा जो तो विचारत होता, याआधी असं झालं होतं का? पाणी दरवर्षी कुठपर्यंत असायचं? आता बघा, त्या विवराच्या काठावर दरवर्षी किती माणसं उभी राहतात. त्यांतल्या थोड्यांनी जरी तारीख, रंग आणि पाण्याची कड कुठं होती एवढं लिहिलं असतं, तरी ते कामाला आलं असतं.

ते लिहायचं कसं, हे लोणारवरच दाखवतो. वहीत सहसा असं सापडतं: ‘लोणारला गेलो. निसर्गाचा चमत्कार! अप्रतिम दृश्य. मन प्रसन्न झालं.’ यात खोटं काही नाही, पण हे वाक्य चिखलदऱ्यालाही चालतं आणि नवेगावबांधलाही. आता नमुन्यादाखल दुसरी नोंद ऐका: ‘सकाळी ७.१५. काठावरून पाणी हिरवट, पूर्वेच्या कडेला पांढरी रेघ. उतरायला २५ मिनिटं, चढायला ४५, दोनदा बसावं लागलं. खाली झाडं संपतात तिथून पाण्यापर्यंत ११० पावलं, मधला चिखल वरून सुकलेला, आत पाय रुततो. वास सडक्या अंड्यासारखा, वाऱ्याच्या दिशेनं कमी-जास्त. धारेवर आंघोळीला गर्दी. दोन लिटर पाणी नेलं, चढताना संपलं.’ ही नोंद वाचून आजीला खाली न्यायचं की नाही ते ठरवता येतं. दहा वर्षांनी तेवढीच पावलं पुन्हा मोजून पाणी सरकलं की वाढलं तेही कळतं. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे हे कुठल्याही पुस्तकात मिळेल, ते उतरवण्यात शाई घालवू नका. जे त्या दिवशी तिथं असणाऱ्यालाच कळतं ते लिहा.

पावलं मोजायची तर आपलं पाऊल आधी माहीत हवं. हमरस्त्यावर किलोमीटरच्या मोठ्या दगडांमध्ये दर २०० मीटरला लहान दगड असतात. नेहमीच्या चालीनं दोन लहान दगडांमधली पावलं मोजा. तीनदा मोजून सरासरी काढा. मोठ्या माणसाची साधारण २६० ते ३०० भरतात. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या सगळ्या नोंदींतली पावलं मीटरमध्ये बदलता येतात.

गावाचं नाव लिहिताना सगळ्यात जास्त घोळ होतात. सेवाग्रामचं जुनं नाव सेगाव. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले आणि त्यांची पत्रं बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागली. शेवटी १९४० मध्ये नावच बदलावं लागलं. गांधीजींच्या टपालाची ही गत, तर तुमच्या वहीतल्या ‘वडगाव’ आणि ‘पिंपळगाव’चं काय होणार? गाव, तालुका, जिल्हा असं तिन्ही लिहा आणि खुर्द की बुद्रुक तेही लिहा. साल विसरू नका, कारण जिल्हेसुद्धा बदलतात. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून निघाला, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. १९७५ च्या वहीतलं ‘जिल्हा भंडारा’ आज कधी कधी गोंदियात शोधावं लागतं.

वस्तीला तिथली माणसं जे म्हणतात तेच लिहा. मेळघाटात कोरकूंचा ढाणा असतो, यवतमाळकडे कोलामांचा पोड, गोंदियाकडे टोला. हे सगळं ‘पाडा’ किंवा ‘वाडी’ करून टाकलं की नोंद कुठलीच राहत नाही. ओस पडलेल्या गावाला रीठ म्हणतात, बोडी म्हणजे लहान तळं आणि तलाव वेगळे असतात, जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या मालगुजारी तलावातून पाणी सोडायच्या जागेला तुडूम म्हणतात. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत जंगलातल्या माणसांकडून पाखरांची आणि झाडांची नावं अशीच टिपून घेतली, म्हणून ती मराठीत आली. शब्द ऐकला की त्याच माणसाला तो दोनदा म्हणायला लावा आणि मगच लिहा. ‘हे काय आहे?’ पेक्षा ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ असं विचारलं की माणूस मनापासून सांगतो.

मात्र ऐकलेलं आणि पाहिलेलं एकत्र कालवू नका. समासात एक अक्षर टाका: पा म्हणजे पाहिलं, ऐ म्हणजे ऐकलं, वा म्हणजे वाचलं. मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वाहते, हे काठावर उभं राहून सूर्य बघून तुम्हीच ठरवू शकता, तिथं ‘पा’. मुख्य देवळावर वीज पडून शिखर कोसळलं, हे पुजाऱ्यानं सांगितलं तर ‘ऐ’. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅम या इंग्रज पुरातत्त्व अधिकाऱ्यानं त्या देवळांचं वर्णन लिहून ठेवलं आहे, त्यातलं घेतलं तर ‘वा’. गाडीच्या वेळेलाही हाच नियम लावा. फलकावरची वेळ वेगळी लिहा, गाडी आली ती वेळ वेगळी.

यात्रेच्या नोंदीत तारखेसोबत तिथी हवीच. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे त्यानंतरचे सण आदल्या वर्षीपेक्षा जवळपास तीन आठवडे पुढे जातात. गेल्या वर्षीची नुसती तारीख धरून निघालेल्या माणसाला यात्रेचं रिकामं मैदान भेटायचं.

साहित्य फार लागत नाही. खिशात मावेल अशी एक छोटी वही आणि घरी २०० पानांची शिवलेली मोठी वही. स्प्रिंगची घेऊ नका, एसटीच्या रॅकवर तार वाकते आणि पानं फाटतात. जेलपेनची शाई पावसाच्या दोन थेंबांनी पसरते. साधं बॉलपेन टिकतं, पण उन्हाळ्यात तापलेल्या गाडीत तेही गळतं, म्हणून जोडीला पेन्सिल ठेवा. छोट्या वहीत दिवसभर आकडे आणि शब्द टिपायचे आणि त्याच रात्री झोपण्याआधी २० मिनिटं बसून मोठ्या वहीत सविस्तर लिहायचं. उद्यावर टाकलं की आधी वेळा जातात, मग माणसांचे शब्द जातात आणि शेवटी ‘छान झालं’ एवढंच उरतं. मोठ्या वहीची पहिली चार पानं कोरी सोडा, पानांना आकडे घाला आणि कोणत्या पानावर कोणतं गाव ते तिथं लिहीत जा. वही भरल्यावर अनुक्रमणिका करू म्हटलं तर ती होत नाही.

उशीर झालाच असेल तरीही लिहा. गोडसे भटजी १८५७ मध्ये यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडत झाशीपर्यंत पोचले. त्यांनी तो प्रवास लिहिला जवळपास २५ वर्षांनी आणि तो छापला गेला १९०७ मध्ये. आज सत्तावन्नचा अभ्यास करणाऱ्याला तो टाळता येत नाही. एका गरीब भिक्षुकाच्या नजरेतून दिसलेली झाशी दुसऱ्या कुणाच्या कागदात नव्हती.

मोबाइल आहे की, असं तरुण मुलं म्हणतात. मोबाइल जरूर वापरा, पण त्याच्या मर्यादा ओळखून. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोसोबत जागा आणि वेळ नोंदली जाते. तोच फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की तो लहान होतो आणि जागेची नोंद गळून पडते. मूळ फोटो हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. एकाच मोबाइलमध्ये ठेवलेला फोटो हरवण्याच्या वाटेवर असतो, म्हणून महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. दहा फोटोंमागे एक फोटो पाटीचा काढा: गावाची पाटी, धर्मशाळेच्या दरांची पाटी, आगारातलं वेळापत्रक. मागाहून याच फोटोंचा सर्वाधिक उपयोग होतो. ताडोब्याच्या सफारीत मोबाइल नेता येत नाही, तिथं पेन्सिल आणि छोटी वहीच कामी येते.

काही गोष्टी लिहायच्या नसतात, किंवा लिहिल्या तरी दुसऱ्याच्या हाती द्यायच्या नसतात. वाघिणीची पिल्लांची जागा, घुबडाची ढोली, गिधाडाचं घरटं यांचा नेमका पत्ता बाहेर गेला की माणसं तिथं पोचतात. गडचिरोलीत पोलिसांच्या ठाण्यांचे आणि मदत केंद्रांचे फोटो काढू नका. ज्या घरी जेवलात त्या घरच्या माणसांचं नाव त्यांना विचारूनच लिहा. मोहफुलाच्या दारूबद्दल कुणी विश्वासानं काही सांगितलं तर त्याच्या गावाचं नाव गाळा. त्या माणसाला तुमच्या वहीपायी त्रास होता कामा नये.

आणि भरलेली वही. ती माळ्यावर टाकली की दोन पावसाळ्यांत वाळवी लागते. पत्र्याच्या पेटीत ठेवा, पेटी भिंतीपासून वीतभर दूर आणि विटांवर ठेवा, आत डांबराच्या गोळ्या टाका आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा वही उघडून पानांना वारा द्या. वहीची झेरॉक्स काढून एक प्रत गावाच्या वाचनालयात द्या. ग्रंथपालांना इथंच हात जोडून विनंती आहे, की अशी प्रत आली तर तिला पुस्तकासारखाच दाखल क्रमांक द्या आणि कपाटात ‘प्रवास’ म्हणून वेगळा कप्पा करा. सेवाग्रामला निघालेली सून तिथं येऊन विचारेल, तेव्हा ती वही हाताला लागली पाहिजे.