सशाचे कान

(दृश्य : अंधारी खोली. सूक्ष्मदर्शकाला जोडलेला पडदा, काळ्यावर हिरवी चमक.)

हा उंदराच्या मेंदूचा काप आहे, केसाहूनही पातळ. हिरवं चमकतंय ते डोपामिन, चेतापेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात त्या रसायनांपैकी एक. आधी ऊतक गोठवून सुकवायचं, मग त्याला फॉर्मल्डिहाइडची वाफ द्यायची आणि निळ्या-जांभळ्या प्रकाशात बघायचं. स्वीडनच्या फाल्क आणि हिलार्प यांनी १९६२ साली ही पद्धत मांडली. चेतापेशींमधली ही रसायनं त्याआधी कुणी अशी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती.

(दृश्य : सर्पगंधेची मुळी, खलात कुटली जाताना.)

पण सुरुवात झाली ती या मुळीपासून. सर्पगंधा. उन्मादात असलेल्या माणसाला शांत करायला आपल्याकडचे वैद्य पिढ्यान्‌पिढ्या ती देत आले. १९३१ साली कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर निबंध लिहिला : वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर, दोन्हींवर गुणकारी. १९५२ मध्ये सीबा कंपनीच्या बाझेलमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव रेझर्पिन. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन मनोरुग्णांना दिलं जाऊ लागलं. दोन औषधं हाती आली, रुग्ण शांत होऊ लागले. का होतात, ते मात्र देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

(दृश्य : काचेच्या नळ्या, मोजणीचं जुनं यंत्र, हलणारा काटा.)

इथे थोडं थांबायला हवं, कारण खरी कलाटणी या यंत्राने दिली. नमुन्यावर ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश टाकायचा आणि नमुना उलट किती चमकतो ते मोजायचं. एवढंच. पण त्यामुळे मेंदूतली अगदी कणभर रसायनंही आकड्यांत सांगता येऊ लागली. अमेरिकेत बेथेस्डा इथे बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत १९५५ साली दिसलं, की रेझर्पिन दिल्यावर मेंदूतला सेरोटोनिनचा, म्हणजे अशाच एका निरोप्या रसायनाचा, साठा रिकामा होतो. औषध आणि मेंदूतलं रसायन यांची गाठ पहिल्यांदा अशी मोजून घातली गेली.

त्या वर्षी तिथे काही महिने शिकायला आले होते स्वीडनचे आर्विद कार्लसन. त्यांचं आधीचं काम कॅल्शियमवरचं. मायदेशी एका पदासाठी अर्ज केला, तेव्हा तज्ज्ञांनी औषधशास्त्रात हा विषय मध्यवर्ती नाही असं ठरवलं आणि पद गेलं, म्हणून ते या वाटेला लागले. सेरोटोनिनबरोबर नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे तसंच दुसरं रसायनही तपासावं, असं त्यांनी ब्रॉडींना सुचवलं. ब्रॉडींना त्यात काही तथ्य वाटलं नाही. कार्लसन स्वीडनमधल्या लुंडला परतले आणि त्यांनी हिलार्प यांच्यासोबत ते तपासलंच. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनही रिकामं झालेलं निघालं.

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्र. दोन ससे, अंग टाकलेले, कान पडलेले.)

रेझर्पिन दिलेले ससे. साल १९५७.

(चार सेकंद निवेदन नाही.)

आता त्यांना डोपा टोचलं. डोपा हा कच्चा माल : तो मेंदूत शिरतो आणि शरीर त्यापासून आधी डोपामिन, मग नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बनवतं. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन भरून निघेल, असा होरा होता.

(दृश्य : दुसरं छायाचित्र. तेच ससे, कान ताठ.)

१५ मिनिटांत.

मग मेंदूतली रसायनं मोजली, आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन जवळपास होतं तसंच, नाहीसं! मग सशांना उठवलं कुणी? डोपामिनकडे तोवर फारसं कुणी लक्षच देत नव्हतं. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनकडे जाताना लागणारी एक पायरी, एवढीच त्याची ओळख. पुढच्याच वर्षी कार्लसन आणि सहकाऱ्यांनी ते मेंदूत मोजून दाखवलं. १९५९ मध्ये लुंडमध्येच कळलं, की ते मुख्यत्वे हालचालींशी निगडित भागात साठलेलं असतं. तरीही १९६० साली लंडनच्या परिषदेत क्षेत्रातल्या बुजुर्गांनी डोपामिनला स्वतःचं काही काम आहे हे मानलं नाही. हिरवे ठिपके दाखवून गप्प करायला आणखी दोन वर्षं होती.

(दृश्य : पुन्हा हिरवा काप, कॅमेरा हळूहळू जवळ.)

क्लोरप्रोमाझीनचं कोडं १९६३ चं. उंदरांना ते दिलं तर डोपामिन घटत नव्हतं, उलट त्याच्या विघटनातून उरणारे पदार्थ वाढत होते. कार्लसन आणि लिंडक्विस्ट यांनी अर्थ लावला : दार आतून बंद झालं की बाहेरचा माणूस कडी आणखी जोरात वाजवतो. निरोप घेणाऱ्या पेशीचे रिसेप्टर, म्हणजे निरोप टिपणाऱ्या जागा, औषध अडवतं, म्हणून पाठवणारी पेशी जास्त रसायन सोडते. १९७० च्या दशकात रिसेप्टर प्रत्यक्ष मोजता आले, आणि जे औषध डोपामिनच्या रिसेप्टरला जितकं घट्ट चिकटतं, तितका त्याचा कमी डोस पुरतो, हेही दिसलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

(दृश्य : गोळ्यांची पाकिटं, एक हात.)

या औषधांनी अनेकांना घरी परत आणलं. काहींच्या जिभेला-ओठांना आपोआप हालत राहण्याची व्याधीही लावली, आणि काहींवर ही औषधं चाललीच नाहीत. २०२४ मध्ये अमेरिकेत स्किझोफ्रेनिया या मनोविकारासाठी मंजूर झालेलं नवं औषध डोपामिनचे रिसेप्टर थेट अडवत नाही.

(दृश्य : अंधारी खोली. संशोधक स्लाइड बदलते.)

सेरोटोनिनच्या पेशी पिवळ्या चमकतात. प्रकाश पडत राहिला की हा पिवळा हिरव्याच्या आधी विझतो, म्हणून तिने छायाचित्र आधी त्याचं घेतलं.