गिरगावातल्या चाळीतली गॅलरी आणि तिचे वाचक

(दृश्य: रात्रीचे पावणेदहा. दादरहून सुटलेली ठाणे जलद लोकल. एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातातल्या फोनवर अंगठा फिरवणारा प्रवासी.)

दादर ते ठाणे, जलद लोकलने साधारण २५ मिनिटं. तेवढ्यात ९०० शब्दांचा लेख सावकाश वाचून होतो आणि आवडला तर दुसराही सुरू होतो. तेव्हा मुंबईकराला वाचायला वेळ नाही, ही तक्रार तितकीशी खरी नाही. अंगठा पुढे सरकत राहतो, कारण त्याला थांबवणारं काही समोर येत नाही.

समजा, चाळीत वाढलेल्या कुणीतरी एक लेख लिहिला. नाव दिलं ‘गिरगावातल्या चाळीतली गॅलरी’. वाळवणं, भांडणं, गणपतीतली आरती, उन्हाळ्यातल्या रात्री ओळीने पसरलेल्या गाद्या. रात्री तो स्वतःच्या ब्लॉगवर लागला. सकाळी आकडा बघितला, तर वाचक ७. त्यातले ३ घरचे.

एके काळी आवडते ब्लॉग गूगल रीडरसारख्या सोयीत जोडून ठेवता यायचे. नवा लेख पेपरवाल्याने टाकावा तसा दारात यायचा. १ जुलै २०१३ ला ती सेवा बंद झाली, आणि वाचक हळूहळू समाजमाध्यमांच्या गर्दीत मिसळून गेला. आता लेखालाच उठून त्याच्याकडे जावं लागतं.

(दृश्य: फोनचा पडदा. टक्क्याच्या चिन्हांनी भरलेली तीन-चार ओळींची लिंक.)

निघण्याआधीच पहिली ठेच लागते, ती पत्त्यावर. मराठी शीर्षकावरून वर्डप्रेस, म्हणजे ब्लॉग चालवायचं एक साधन, लेखाचा पत्ता आपोआप बनवतं. वाचताना ‘गिरगावातल्या चाळीतली गॅलरी’ ही १३ अक्षरं. पण काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण, सगळं संगणक वेगळं मोजतो, म्हणून त्याच्या हिशेबी या २४ खुणा. पत्त्यात प्रत्येक देवनागरी खुणेची ९ चिन्हं होतात. २४ गुणिले ९, म्हणजे २१६, वर मधल्या दोन रेघा. वर्डप्रेसची मर्यादा २०० चिन्हांची. ‘गॅलरी’तली ‘री’ सरळ गळून पडते, आणि उरतं ते टक्क्यांचं जंगल. व्हॉट्सॲपवर असली लिंक आली की काका-मामा मंडळी हातही लावत नाहीत. व्हायरस असेल म्हणतात. त्यांचं चुकतं असंही नाही.

ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेवर उलटी गंमत. तिथे देवनागरी शीर्षकाचा पत्ता बनतच नाही. प्रत्येक लेखाला ‘ब्लॉग पोस्ट’ असं एकच नाव आणि पुढे आकडा मिळतो. उपाय दोन्हीकडे सारखाच. लेख प्रसिद्ध करण्याआधी पत्ता हाताने, रोमन लिपीत, तीन-चार शब्दांत लिहायचा. आधी, हे महत्त्वाचं. नंतर बदलला तर वाटलेल्या जुन्या लिंका तुटू शकतात.

(दृश्य: व्हॉट्सॲपवर पाठवलेली तीच लिंक. आता वर गॅलरीचा फोटो, खाली शीर्षक.)

दुसरी गोष्ट लिंकच्या डोक्यावरच्या चित्राची. फोटो १२०० बाय ६३० पिक्सेलचा घ्यावा आणि ३०० केबीच्या आत ठेवावा. जड फोटो व्हॉट्सॲपवर अनेकदा उमटतच नाही. फोटोत अक्षरं असतील तर ती मधोमध असू द्यावीत, काही ठिकाणी कडा कापून चौरस केला जातो. चित्राखालचं वर्णनही स्वतः लिहावं. ते रिकामं सोडलं तर लेखाची पहिली ओळ उचलली जाते, आणि ती बहुधा असते ‘नमस्कार मित्रांनो, कसे आहात सगळे?’. यावर कोण थांबेल?

आणखी एक बारकावा. व्हॉट्सॲपवर हे चित्र पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतं. लिंक चिकटवून लगेच बाण दाबला की नुसती निळी ओळ जाते. दोन सेकंद थांबायचं, चित्र वर उमटलं की पाठवायचं. फेसबुक मात्र एकदा उचललेलं चित्र साठवून ठेवतं. तुम्ही फोटो बदलला तरी तिथे जुनाच दिसत राहतो. त्यासाठी फेसबुकचंच ‘शेअरिंग डिबगर’ नावाचं पान आहे. त्यात पत्ता टाकून ‘स्क्रेप अगेन’ दाबलं की नवं चित्र येतं.

(दृश्य: शिवाजी पार्कचा कट्टा. संध्याकाळ. गप्पांचे घोळके.)

आता लेख न्यायचा कुठे? समाजमाध्यम म्हणजे कट्टा. कट्ट्यावर जो रोज येतो, दुसऱ्याचं ऐकतो, मध्येच एखादी दुरुस्ती करतो, त्याने एके दिवशी ‘मी काहीतरी लिहिलंय’ म्हटलं तर पाच जण वाचतात. फक्त पत्रकं वाटायला येणाऱ्याला बघून लोक घड्याळ बघतात. हे सगळ्यांना कळतं, तरी नवे ब्लॉगर पहिल्या आठवड्यात ३० ग्रुपमध्ये एकच लिंक डकवतात, आणि ॲडमिन ती काढून टाकतो.

फेसबुकवर विषयाचे ग्रुप शोधावेत. जुनी मुंबई, चाळींच्या आठवणी, खाद्यपदार्थ, पक्षी, किल्ले, काहीही. दोन आठवडे तिथे नुसतं वावरायचं. ग्रुपचे नियम वाचायचे, बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या लिंका चालत नाहीत. मग लेखातला १२० ते १५० शब्दांचा एक तुकडा टाकायचा, जो स्वतःच्या पायावर उभा राहील. ‘पुढे वाचण्यासाठी क्लिक करा’ म्हणून मध्येच वाक्य तोडलेला नको, मराठी वाचकाला तो वैताग ओळखता येतो. लिंक पहिल्या प्रतिक्रियेत द्यावी. या कंपन्यांना वाचक आपल्या आवारातून बाहेर जायला नकोच असतो, त्यामुळे नुसत्या लिंकची पोस्ट मागे पडते असा बहुतेकांचा अनुभव आहे.

त्यानंतरचा तासभर फोन हाताशी ठेवावा. कुणी लिहितं, ‘आमच्याकडे याला सज्जा म्हणायचे.’ याला अंगठा दाखवून सोडायचं नाही. ‘कुठली चाळ? कितवा मजला?’ असं विचारायचं. त्या एका प्रश्नावर तिघे-चौघे आपापले मजले सांगत येतात, आणि त्यातला एखादा वर जाऊन लेख उघडतो. ४० जणांना टॅग करून जे होत नाही, ते असं होतं.

एक्सवरची, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरची, तऱ्हा वेगळी. तिथे फुकटच्या खात्याला मर्यादा २८० चिन्हांची, लिंक कितीही लांब असो, तिची २३ धरतात. काना-मात्रा मोजल्या जातात हे आलंच. म्हणजे मराठीत हातात उरतात जेमतेम ३५-४० शब्द. लेखातलं एक धारदार वाक्य आणि लिंक, एवढंच मावतं. वाद लवकर पेटतात, वाचक कमी मिळतात. पण इतर लिहिणारे, पत्रकार, संपादक तिथे भेटतात, तेवढ्यासाठी असावं.

(दृश्य: इन्स्टाग्रामवर एकामागून एक सरकणारी अक्षरांची पानं.)

इन्स्टाग्रामवर चित्राखालच्या मजकुरातली लिंक दाबताच येत नाही. तिथे उतारा चित्रांत मांडावा लागतो. १०८० बाय १३५० ची आठेक पानं, एका पानावर २५ ते ३० शब्द. लिंक प्रोफाइलवर, आणि स्टोरीत लिंकचा स्टिकर लावून. इथे मराठीला नडतं ते जोडाक्षर. काही डिझाइन ॲपमध्ये ‘ल्या’चा ‘ल’, मग मोडका पाय, मग सुटा ‘या’ होतो. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधून मजकूर उचलला तर त्याहून वाईट. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेने केलेले मुक्ता आणि बलू हे फाँट मोफत आहेत, जोडाक्षरं नीट सांभाळतात. दोन ओळींत अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकांत अडकतात.

(दृश्य: चाळीचा जिना. हातात फोन घेऊन बसलेल्या दोन बायका, एकीचा पडदा दुसरी वाकून बघते.)

तरीही मराठी वैयक्तिक लेखन सगळ्यात जास्त फिरतं ते व्हॉट्सॲपवरच. आणि सगळ्यात जास्त चोरीही तिथेच. 

ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोहोचतो. बाकीच्यांपाशी एकच टिक, आणि लिहिणारा समजतो की लोकांना आवडत नाही. म्हणून नव्या वाचकाला पहिल्याच निरोपात नंबर सेव्ह करायला सांगावं. सप्टेंबर २०२३ पासून भारतात चॅनेलची सोय आहे. तिथे चालवणाऱ्याचा नंबर अनुयायांना दिसत नाही. स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिणाऱ्या बाईसाठी ही साधी गोष्ट नाही. पण चॅनेलवर गप्पा होत नाहीत, तिथे मिळतात त्या बहुतेक बाहुल्या आणि बदाम. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र लेख टाकण्याआधी तो पुन्हा वाचावा. तिसऱ्या मजल्यावरच्या ज्या काकांबद्दल लिहिलंय, ते त्याच ग्रुपमध्ये आहेत.

एक निरोप एका वेळी पाचच गप्पांमध्ये फॉरवर्ड होतो, हा भारतातला २०१८ पासूनचा नियम. फार फिरलेला निरोप २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी जातो. मग लोक काय करतात? मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवतात. त्यात तळाचं लेखकाचं नाव पहिलं गळतं. चौथ्या हातात ‘लेखक अज्ञात’ होतं, सहाव्यात एखाद्या दिवंगत साहित्यिकाचं नाव लागतं. मग ‘हे माझं आहे’ म्हणायला गेला, तर मूळ लेखक स्वतःच चोर ठरतो.

म्हणून पूर्ण लेख व्हॉट्सॲपवर टाकू नये. तीन-चार ओळी आणि लिंक, बस. लेखाच्या पोटात एखाद्या वाक्यात आपलं किंवा ब्लॉगचं नाव सहज विणून ठेवावं, ते कापायला कष्ट पडतात. महिन्यातून एकदा लेखातलं सात-आठ शब्दांचं वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेख लिहिला की हक्क आपोआप लेखकाचा होतो, नोंदणीची अट नाही. फेसबुकवर चोरीची तक्रार करण्यासाठी अर्ज आहे. ब्लॉगवरची तारीख पुरावा म्हणून कामी येते.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. जुलैचं पान.)

वेळही बघावी. सकाळी गाडीत बसायला मिळालं तर, रात्री जेवणानंतर, रविवारी दुपारी. पण त्याहून उपयोगी पडतं ते कॅलेंडर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री कोण कुठे अडकलं, हे सांगणारा जुना लेख दरवर्षी त्या तारखेला पुन्हा काढला तर पुन्हा वाचला जातो. दिवाळीत मराठी माणूस लांबलचक वाचायच्या तयारीत असतो, १९०९ च्या ‘मनोरंजन’च्या दिवाळी अंकापासूनची सवय आहे ती. मात्र आज, आत्ता पाणी भरतंय, लोकांना गाड्या सुरू आहेत की नाही एवढंच हवंय, तेव्हा आपली पावसाची आठवण पुढे करू नये. तो वाचक पुन्हा येत नाही.

(दृश्य: खिडकीवर ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी.)

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, आणि अनेकांचे लाखो चाहते एका रात्रीत गेले. समाजमाध्यम म्हणजे ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, मालक कधीही सामान बाहेर ठेवेल. ओनरशिपची जागा म्हणजे आपला ब्लॉग. तिथे लेखाच्या शेवटी वाचकाचा ईमेल मागणारी एक चौकट पहिल्या दिवसापासून लावावी. महिन्याला चार पत्ते जमले तरी चालतील.

आणि कुठून कोण आलं हे कळायला हवं, तर प्रत्येक लिंकच्या शेपटाला यूटीएमची, म्हणजे वाचक कुठल्या वाटेने आला ते सांगणारी, वेगळी खूण जोडावी. नाहीतर व्हॉट्सॲपवरून आलेले सगळे ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे वाचकांच्या हिशेबाच्या वहीत, ‘थेट’ या एका पोतडीत जमा होतात, आणि लेखक उगाच इन्स्टाग्रामवर घाम गाळत बसतो. लाइक मोजू नयेत. महिन्यात दुसऱ्यांदा आलेले किती, ते मोजावेत. तो आकडा ४० असेल तर चांगलं चाललंय.

या ४० मध्ये पाच-सहा जण स्वतः लिहिणारे निघतात. त्यांचे लेख वाचून खाली चार ओळी लिहिणं, आपल्या लेखातून त्यांच्याकडे लिंक देणं आणि ती दिल्याचं त्यांना कळवणं, याला आठवड्याला तासभर लागतो. त्यांचे वाचक तुमच्याकडे येतात, तुमचे तिकडे जातात.

(दृश्य: पुन्हा लोकल. मुलुंड गेलं. प्रवासी फोन दोन्ही हातांत घेतो.)

गॅलरीचा लेख संपला. प्रवासी पहिल्या ओळीपाशी परत जातो, मग भावाचं नाव शोधतो. टाइप करतो, ‘हे आपल्याच मजल्यासारखं आहे रे.’ खाली लिंक चिकटवतो. गाडी ठाण्यात शिरतेय, दारात रेटारेटी सुरू झालीय.

चित्र उमटेपर्यंत तो थांबतो. मग बाण दाबतो.