पाण्याचा दिवस

(मंडळाच्या संक्रांतीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

आदरणीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य, ज्येष्ठ मंडळी आणि बंधुभगिनींनो,

घरातील रोजच्या कटकटी आणि त्यांत सापडणारे लहान आनंद या विषयावर मी बोलावे, अशी सूचना कार्यकारिणीने केली, तेव्हा मला मनापासून बरे वाटले. मी नोकरीची सारी वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि त्याच काळात घरही चालवले. या दोन्ही कामांनी मला जे शिकवले ते एकमेकांना इतके पूरक आहे की एकाला सोडून दुसऱ्याविषयी बोलणे मला जमणार नाही. त्यामुळे आज जे सांगणार आहे त्यात डाळ, दही आणि नळ यांना बरीच जागा मिळेल, हे आपण समजून घ्यावे.

इंदुरात घर चालवणाऱ्या माणसाचे दिवस दोनच प्रकारचे असतात, नर्मदेचे पाणी येण्याचा दिवस आणि न येण्याचा दिवस. आपल्यापैकी बहुतेकांच्या वसाहतींत पाणी एक दिवसाआड येते. ज्या दिवशी ते येते त्या दिवशी सकाळचे सारे वेळापत्रक नळाभोवती फिरते. कोणी आंघोळ पुढे ढकलतो, कोणी दूध आणायला जायचे थांबतो, आणि घरातील एक माणूस तोटी हलक्या हाताने उघडून ठेवून पहिल्या सुस्काऱ्याकडे कान लावून बसलेला असतो. पाणी उशिरा आले, कमी दाबाने आले किंवा शेजारच्याने थेट नळावर मोटर लावल्यामुळे आपल्याकडे धार बारीक झाली, की दिवसाची सुरुवातच चिडचिडीने होते. (नळावर थेट मोटर लावणे हे शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढून घेणे आहे, आणि ते आपल्यापैकी कोणीही करू नये, एवढे मला या निमित्ताने स्पष्ट म्हणायचे आहे.)

परंतु हे पाणी आपल्या पिंपात येऊन पडते तेव्हा ते काय करून आलेले असते, याचा विचार मी एकदा वर्गात मुलींना समजावून सांगताना केला आणि त्यानंतर माझा त्या सकाळींकडे बघण्याचा भाव बदलला. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून, म्हणजे अहिल्याबाईंच्या महेश्वरच्या परिसरातून, हे पाणी उचलले जाते आणि सुमारे 70 किलोमीटर अंतर पार करून, विंध्याची उभी चढण पंपांच्या बळावर चढून माळव्याच्या पठारावर आणले जाते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस ते शहरात पोहोचले. त्याआधी यशवंतसागर आणि बिलावलीसारख्या तलावांवर आणि घरोघरच्या विहिरींवर इंदूर जगत होते. ज्या माळव्याची ओळख ‘पग पग रोटी, डग डग नीर’ अशी सांगितली जात असे, त्या माळव्यातील एका शहराला नदी घाट चढवून आणावी लागली. हे ठाऊक झाल्यापासून भरलेल्या हंड्याकडे पाहताना मला समाधान वाटते, आणि ते समाधान पाण्याची वाट पाहण्याचा त्रास सोसल्याशिवाय मिळाले असते असे मला वाटत नाही.

पाणी न येण्याच्या दिवशी आपण बोरिंगच्या पाण्यावर भागवतो, आणि मग स्वयंपाकघरात दुसऱ्या कटकटी सुरू होतात. तूरडाळ कुकरच्या नेहमीच्या शिट्ट्यांना दाद देत नाही. वरण घोटताना दाणे रवीखाली टचटचत राहतात. घरातील नवी सून किंवा नुकताच एकटा राहू लागलेला मुलगा यात स्वतःचा दोष शोधतो, आणि कधी कधी घरातील मोठी माणसेही तसा दोष देतात. खरे कारण पाण्यात असते. माळव्याच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, आणि हे क्षार डाळीच्या पेशींना एकत्र धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतात, त्यामुळे ते विरघळत नाही आणि डाळ मऊ होत नाही. आंबटपणाचाही परिणाम असाच होतो. माझ्या सासूबाई आमटीत चिंचेचा कोळ डाळ पूर्ण शिजल्यावरच घालू देत, आणि त्याचे कारण विचारले तर ‘असेच करायचे असते’ एवढेच सांगत. त्यांच्या त्या नियमामागचे रसायन मला पुस्तकात सापडले तेव्हा मी ते त्यांना वाचून दाखवले आणि त्या दिवशी आम्ही दोघींनी आमटी जरा जास्तच मायेने केली. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर डाळ लवकर शिजते, पण त्याने डाळीतील ब1 जीवनसत्त्व नष्ट होते. म्हणून माझा आग्रह असा असतो की पिण्याच्या पाण्याबरोबर डाळीसाठीही तांब्याभर नर्मदेचे पाणी बाजूला ठेवावे आणि डाळ आधी भिजवावी. असे केले की दुसऱ्या दिवशी वरण पळीवरून एकसंध ओघळते. त्या वरणावर तूप आणि लिंबू पिळून पहिला घास घेण्यात जे सुख आहे, त्याची तुलना मला दुसऱ्या कशाशी करावीशी वाटत नाही.

चहाचेही तसेच आहे. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याच्या चहावर थोड्या वेळाने जो तवंग दिसतो, तो चहातील द्रव्ये आणि कॅल्शियम यांच्या संयोगाने तयार होतो. नर्मदेच्या पाण्याच्या चहाचा रंग आणि वास अधिक मोकळा असतो. म्हणून पाण्याच्या दिवशीचा पहिला चहा मी घाईने पीत नाही.

बोरिंगच्या पाण्याने नळांच्या तोट्यांवर, बादल्यांच्या कडांवर आणि गिझरच्या आत पांढरा थर चढतो आणि तो घासून निघत नाही, ही तक्रार या सभागृहातील प्रत्येक घरात असेल. आमच्या घरी हे काम आता सुट्टीत येणाऱ्या नातीने स्वतःकडे घेतले आहे. लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून त्यात भिजवलेले फडके ती तोटीभोवती गुंडाळते आणि कान लावून त्यातून निघणारा बारीक फसफस आवाज ऐकते. आम्लामुळे कार्बोनेट विरघळते आणि कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो, हे तिला समजले आहे. पण समजण्याच्या आधी तिला तो आवाज आवडला होता, आणि शिक्षिका म्हणून मला हाच क्रम योग्य वाटतो. थोड्या वेळाने फडके काढून चमकणारी तोटी ती सगळ्यांना बोलावून दाखवते, आणि आम्ही सगळे कामे सोडून बघायला जातो. एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे: कोणतेही आम्ल आणि ब्लीच एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

सध्या थंडीचे दिवस आहेत आणि रात्री पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, त्यामुळे विरजण लागत नाही ही कटकट ताजी आहे. दही लावणारे जिवाणू 40 अंशांच्या आसपास जोमाने वाढतात आणि थंडीत सुस्तावतात, म्हणून कोमट दुधाचे भांडे कणकेच्या डब्यात खोचून ठेवण्याची किंवा कॅसरोलमध्ये झाकून ठेवण्याची आपली पद्धत अगदी शास्त्रशुद्ध आहे. सकाळी झाकण काढल्यावर घट्ट, न हललेले दही दिसते तेव्हा मला दरवेळी नव्याने आनंद होतो. साय साठवून काढलेल्या लोण्याचे तूप कढवल्यावर तळाशी उरणाऱ्या बेरीविषयी काही सांगण्याची गरज नाही. साखर घालून ती कोण खाणार, यावरून प्रत्येक घरात वाद झालेले आहेत.

काही कटकटी आपल्याला घराबाहेर काढतात, आणि तेही चांगलेच असते. कुकरची रिंग सैल झाली की वाफ कडेने निसटते, शिट्टी होत नाही आणि गॅस वाया जातो. बंद कुकरमध्ये वाफेच्या दाबामुळे पाणी सुमारे 120 अंशांवर उकळते, ही त्याची सारी किमया त्या एका रबरी कड्यावर अवलंबून असते. रिंग आणण्यासाठी आम्ही उभयता राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात संध्याकाळी उशिरा जातो, त्या गल्ल्यांतून जुन्या पितळी भांड्यांकडे बघत रेंगाळतो, आणि तोवर सराफ्यात दागिन्यांची दुकाने बंद होऊन त्यांच्या ओट्यांवर खाण्याच्या गाड्या लागलेल्या असतात. या दिवसांत तळलेल्या गराडूवर, म्हणजे एका कंदाच्या फोडींवर, जिरावन हा इंदुरी मसाला आणि लिंबू घालून दिलेला द्रोण थंडीत उभे राहून खाण्यासाठी आम्हाला एरवी निमित्त सापडत नाही. घरातील वस्तू बिघडली म्हणून दोन माणसे एकत्र बाहेर पडली आणि गप्पा मारत परतली, तर त्या बिघाडाचे उपकारच मानावे लागतील.

ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याचा सुरुवातीला अनेकांना कंटाळा होता. आता ती आपली सवय झाली आहे, आणि 2017 पासून सलग सात वर्षे स्वच्छ सर्वेक्षण या शहरांच्या स्वच्छतेच्या देशव्यापी पाहणीत आपले शहर पहिले आले त्यात प्रत्येक स्वयंपाकघराचा वाटा आहे. 2022 मध्ये देवगुराडिया येथे रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून वायू बनवण्याच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला आणि त्या वायूवर शहरातील बसगाड्या चालू लागल्या. मटार सोलताना साली वेगळ्या डब्यात टाकते तेव्हा मला या बसगाड्या आठवतात, आणि सोलण्याचे कंटाळवाणे काम थोडे हलके होते.

इथवर मी जे सांगितले त्याचा कोणी असा अर्थ घेऊ नये की त्रास जसा आहे तसा ठेवून घरातील बाईने त्यात आनंद मानून घ्यावा. हा उपदेश आपल्या समाजाने स्त्रियांना फार काळ केला आहे आणि तो मला अजिबात मान्य नाही. पाण्याच्या दिवशी घरात कोण सर्वांत आधी उठते, नळाजवळ कोण उभे राहते, भरलेली बादली कोण उचलते, आणि ते पाणी संपल्यावर बोलणी कोणाला बसतात, हे प्रत्येकाने आपल्या घरात प्रामाणिकपणे पाहावे. जिथे या चारही प्रश्नांचे उत्तर एकच व्यक्ती असेल, तिथे त्या व्यक्तीला लहान आनंदांविषयी सांगण्याचा अधिकार इतरांना नाही. आधी बादली उचलावी. माझ्या अनुभवात कटकट वाटली गेली की तिच्यातील गंमत लगेच वर येते. मोठा मुलगा पिंप भरतो आणि धाकटा डाळ भिजत घालतो, तेव्हा त्या दोघांची बडबड ऐकत मी निवांत चहा पिऊ शकते, आणि मगच मला चहाचा रंग दिसतो.

ज्या घरांत आता दोनच वृद्ध माणसे आहेत आणि मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात आहेत, त्या घरांविषयी मला विशेष काळजी वाटते. तिथे गळका नळ हा केवळ गळका नळ राहत नाही. कारागीर वेळेवर येत नाही, स्टुलावर चढण्याची भीती वाटते, आणि मुलाला फोनवर सांगावे तर तो लांबून काळजी करत बसेल म्हणून सांगितले जात नाही. आजारपण, एकटेपणा, पैशांची ओढाताण ही दुःखे लिंबूसत्त्वाने आणि घट्ट दह्याने जात नाहीत, याची मला पूर्ण जाणीव आहे. पण वायसर बदलून नळ थांबवता येतो, आणि त्या निमित्ताने कोणी तरी घरात येऊन अर्धा तास बसते. हे आपल्या हातात आहे.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक सूचना ठेवत आहे. महिन्यातून एका रविवारी दुपारी मंडळाच्या सभागृहात आपण दुरुस्तीसाठी जमावे. ज्यांना सैल झालेले कुकरचे मूठ-स्क्रू, बिघडलेली इस्त्री, न उघडणारे कुलूप आणता येईल त्यांनी ते आणावे. ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी दोघा-तिघांनी पाना, वायसर आणि टेफ्लॉनची फीत घेऊन जावे. विजेच्या वस्तू जाणकारानेच उघडाव्यात, असे दोन जाणकार आपल्या सभासदांत आहेत आणि त्यांनी होकार दिला आहे. तिळगुळाच्या टेबलाशेजारी एक वही ठेवली आहे. तिच्यात डाव्या पानावर ज्यांना मदत हवी आहे त्यांनी आणि उजव्या पानावर ज्यांना मदत करता येईल त्यांनी नावे लिहावीत. काम येत नसले तरी तरुण मुलामुलींनी उजव्या पानावरच लिहावे. वायसर कसा बदलायचा हे मी त्यांना पहिल्या रविवारी शिकवीन.