थांबण्याच्या जागेवरची कविता

नमस्कार मंडळी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपलं नागपूर रस्त्यात उभं राहून वाचतं. त्या दिवशी मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक असते. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि त्यांच्याबरोबर निघणाऱ्या बडग्यांच्या, म्हणजे टीका करणाऱ्या पुतळ्यांच्या अंगावर काहीतरी लिहिलेलं असतं. महागाईवर, भ्रष्टाचारावर, त्या वर्षी लोकांना जे छळत असेल त्यावर. ठसक्यात, कधी यमक जुळवून. लोक ओट्यावरून, गच्चीवरून ते वाचतात, शेजारच्याला मोठ्यानं वाचून दाखवतात. म्हणून नागपूरचे लोक वाचत नाहीत असं कुणी म्हटलं की मला राग येतो. त्यांच्या रोजच्या वाटेवर वाचायला काय ठेवलंय ते तर बघा. वाढदिवसाचे फ्लेक्स, क्लासेसच्या जाहिराती, प्लॉट विकणे आहे.

माझं मागणं साधं आहे. माणसाला जिथं थांबावंच लागतं, तिथं याच शहरातल्या कुणीतरी लिहिलेली नवी कविता असावी. चक्कीवर, रेशनच्या रांगेत, ओपीडीबाहेर, पाणपोईजवळ, गणेशपेठच्या एसटी स्टँडवर. कविसंमेलनाला जे येतात ते आधीच कवितेचे असतात. तुम्ही आज उन्हातून आलात, त्याचा मला आनंद आहे. पण जी बाई या वेळी सरकारी मेडिकल दवाखान्याच्या रांगेत केसपेपर धरून उभी आहे, तिच्यापर्यंत कविता कोण नेणार?

भिंतीवरची कविता आपल्या मातीला नवी नाही. रामटेकला गडावर केवल नरसिंहाच्या मंदिरात वाकाटकांच्या काळातला शिलालेख आहे, संस्कृत श्लोकांत रचलेला. तो कैक वर्षं गिलाव्याखाली झाकलेला होता. दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा कोरलेल्या आहेत आणि तिथं येणारी माणसं त्यांच्यासमोर उभी राहून एकेक ओळ वाचतात. लिहिलेल्या अक्षरासमोर थांबायची सवय आपल्या लोकांना आहे.

बाहेरच्या जगात हे काम बरंच पुढे गेलंय. लंडनच्या भुयारी रेल्वेत जानेवारी १९८६ पासून डब्यातल्या जाहिरातींच्या जागी कविता लागतात. ज्युडिथ चेर्नाइक या लेखिकेला ही कल्पना सुचली, दोन कवी तिच्यासोबत आले. न्यूयॉर्कनं १९९२ मध्ये तेच केलं. नेदरलँड्समधल्या लायडन गावात घरांच्या भिंतींवर कविता रंगवल्या आहेत, ज्या भाषेत लिहिल्या गेल्या त्याच भाषेत.

मला मात्र सगळ्यांत जवळचं वाटतं ते अमेरिकेतलं सेंट पॉल. तिथल्या नगरपालिकेला दरवर्षी काही मैल फुटपाथ नव्यानं करावे लागतात. मार्कस यंग नावाच्या कलावंतानं २००८ मध्ये सुचवलं, की काँक्रीट ओलं असतानाच त्यात कवितेचा ठसा उमटवू या. रस्ता तसाही खोदला जाणार होता, मजूर तसेही येणार होते. कविता त्या कामात मिसळून गेली. आणि कविता कुणाच्या? त्या गावात राहणाऱ्यांच्या. पुढे हमाँग, सोमाली, स्पॅनिश आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या डकोटा भाषेतल्या कवितांनाही जागा मिळाली. आपल्याकडे रस्ते किती वेळा खोदले जातात हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या शहरात मराठी आहे, हिंदी आहे, वऱ्हाडी आहे, हलबी आणि गोंडीही आहे. एवढ्या बोली असताना भिंती मुक्या का राहाव्यात?

आता आमच्या वस्तीतला एक प्रयोग सांगतो. चक्कीवर एक छोटी पाटी लावली. कविता तिथंच दळण टाकणाऱ्या एका बाईंची:

डब्यावर नाव घालायचं राहून गेलं.
चक्कीवाल्यानं झाकण उघडलं,
वास घेतला,
अन् माझ्या आईला हाक मारली.

पहिल्याच आठवड्यात चक्कीवाले दादा म्हणाले, "ताई, वासानं नाही ओळखत मी. डब्याच्या पोच्यावरून ओळखतो." मग गिऱ्हाइकांत वाद सुरू झाला. कुणी म्हणे ज्वारीचा वास प्रत्येक घराचा वेगळा असतो, कुणी म्हणे झाकणाच्या आवाजावरूनच कळतं. एका आजींना वाचता येत नव्हतं, त्यांना नातवानं दोनदा वाचून दाखवली. बाईंनी ओळ बदलली नाही, पण पोचे आलेल्या डब्यावर दुसरी कविता लिहिली, ती आता तिथं आहे. सभागृहात मला अशी समीक्षा क्वचित ऐकायला मिळाली. तो डबा त्या लोकांच्या ओळखीचा होता, म्हणून कवितेवर त्यांचा हक्क होता. म्हणूनच मी नव्या कवितेचा आग्रह धरतो. थोरांच्या गाजलेल्या ओळी लावल्या तर लोक मान डोलावतील आणि पुढे जातील. आपल्याच गल्लीतल्या बाईंनी लिहिलंय म्हटल्यावर ते भांडतात, हसतात, आणि काही जण घरी जाऊन स्वतः लिहून बघतात.

दवाखान्यासाठी कविता निवडणं फार अवघड. "धीर धरा", "सकारात्मक राहा" असलं काही तिथं लावू नका, हात जोडून सांगतो. आजारी माणसाला उपदेश देणारे त्याच्या घरी पुष्कळ असतात. एका तरुणानं लिहून आणलेल्या या तीन ओळी बघा:

हातातलं टोकन घामेजलं.
शेजारचा म्हणाला, तुम्ही जा आधी,
माझं दुखणं जुनं आहे.

एवढंच. ती कुणाला काही शिकवत नाही. रांगेतल्या माणसाला रांगेतलाच माणूस दाखवते.

काही जागा सोडून द्याव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात सिग्नलला हिरवी जाळी बांधतात, तिथं कविता लावू या असं काही मित्र म्हणतात. नको. गाडीवरच्या माणसाचं लक्ष रस्त्यावरच राहू द्या. झिरो माईलच्या जुन्या खांबाला आणि तिथल्या घोड्यांच्या पुतळ्यांना तर हातही लावायचा नाही, तो आपला वारसा आहे. आणि परवानगीशिवाय कुठलीच भिंत रंगवायची नाही. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे, शिवाय दुसऱ्याच्या भिंतीचा मान राखणं हे कायद्याच्याही आधी येतं. दुकानदाराला विचारा, त्याला कविता वाचून दाखवा. त्याला पटली तरच लावा, कारण रोज ती त्याच्याच डोळ्यांसमोर राहणार आहे.

फ्लेक्स टाळा. आपल्या मे महिन्यात त्याचा रंग उडतो आणि पुढे तो कचऱ्यात जातो. पत्र्यावर ऑइलपेंटनं लिहून घ्या. फ्लेक्स आल्यापासून पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचं काम गेलं, पण ज्यांच्या हातात अजून ते वळण आहे असे लोक आपल्याकडे आहेत. त्यांना पुरेसे पैसे द्या, आणि कवीच्या नावाखाली पेंटरचंही नाव येऊ द्या. अक्षर एवढं मोठं हवं, की चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही लागेल. पाटी उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि बाकड्यावर बसणाऱ्यांसाठी असेल तर त्याहून खाली. प्रायोजकाचं नाव नको, नेत्याचा फोटो तर मुळीच नको.

लांबी किती? दहा ओळींच्या आत. कवी अनिल याच शहरात राहिले आणि दशपदी हा दहा ओळींचा घाट त्यांनी मराठीला दिला. पाटीसाठी याहून चांगलं माप मला माहीत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात चौकाचौकांत पाणपोया उभ्या राहतील. माठाशेजारी लावण्याच्या पाट्यांपासून सुरुवात करू. तुमच्यापैकी जे लिहितात त्यांनी एकेक पाणपोई निवडा, दुपारी दोन वाजता तिथं थोडा वेळ उभे राहा, कोण येतं, काय बोलतं ते ऐका आणि मग लिहा. हमाल, ऑटोवाले, शाळेतून परतणारी पोरं यांनाही लिहायला सांगा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या तोंडून उतरवून घ्या, नाव त्यांचंच टाका. कागद आज जाताना माझ्याकडे दिलात तरी चालेल, मी शेवटपर्यंत इथंच आहे.